डिलीटचं टिक काढलं आणि सेव्ह बंद पडलं

पत्र

आमचं सांगलीत सीए साहेबांचं ऑफिस आहे. अकरा माणसं, त्यात पाच आर्टिकलची, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं. कोपऱ्यातला एक पीसी आम्ही सर्व्हर म्हणून वापरतो, त्यावर विंडोज 11 प्रो आहे. त्याच्या डी ड्राइव्हवरचा ‘क्लायंट’ फोल्डर सगळ्यांना झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो. मी अकाउंट्स बघते, कॉम्प्युटरमधली नाही. पण प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच, त्यामुळे हेही माझ्याच गळ्यात आलंय.

जुलैत एका मुलाने चुकून एका पार्टीचा अख्खा फोल्डर उडवला. साहेब भडकले. ‘फाइल कोणालाही डिलीट करता येता कामा नये’ म्हणून हार्डवेअरवाल्याला बोलावलं, त्याने कुठलं तरी टिक काढलं. तेव्हापासून मुलांची एक्सेलची फाइल उघडते, बदलही होतात, पण सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही म्हणतं. फोल्डरमध्ये चित्रविचित्र नावांच्या फाइली साचल्यात. दुसरं, साहेब त्यांच्या ‘खासगी’ फोल्डरमधून एखादी फाइल ओढून ‘क्लायंट’मध्ये टाकतात, ती त्यांच्याशिवाय कोणालाच उघडत नाही. तिसरं, आमच्याकडची एक मुलगी बाळंतपणासाठी काम सोडून गेली होती, ती परत आली. तिचं खातं त्याच नावाने पुन्हा उघडलं, पासवर्डही तोच, तरी तिचेच जुने फोल्डर तिला उघडत नाहीत. हार्डवेअरवाला सर्व्हरवर बसून दाखवतो, ‘बघा, सगळं चालतंय.’ आता म्हणतो, ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाकू, कटकट मिटेल.’ साहेब तयार आहेत. 30 सप्टेंबरची मुदत तोंडावर आलीय. काय करू?

— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, आधी साहेबांना थांबवा. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगवेगळी आहेत, आणि हार्डवेअरवाला तिन्हींवर एकच काढा पाजायला निघालाय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! फाइल उघडणं, बदलणं, सेव्ह करणं, पुसणं हे सगळं ‘मॉडिफाय’ एवढ्या हक्कात होतं. ‘फुल कंट्रोल’मध्ये वर आणखी मुख्यतः दोन गोष्टी मिळतात: परवानग्या बदलायचा अधिकार आणि फाइलची मालकी स्वतःकडे घ्यायचा अधिकार. म्हणजे उद्या पाचांपैकी कोणीही उत्साही आर्टिकल साहेबांनाच त्यांच्या फोल्डरबाहेर काढू शकेल. मुद्दाम नाही काढणार, नको तिथे क्लिक करून काढेल. शिवाय कोणाच्या पेनड्राइव्हमधून फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, तर तो त्या माणसाच्या हक्कांनिशीच काम करतो. त्या माणसाला जितके फोल्डर लिहिता येतात, तितके गेले. सगळ्यांना सगळं लिहिता येत असेल, तर सगळ्या पार्ट्यांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं आणि ताळेबंद एका दुपारी गेले समजा.

आता हार्डवेअरवाल्याला सर्व्हरवर सगळं ‘चालतंय’ ते का, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेर दिंडी दरवाजा, आत प्रत्येक खोलीला आपलं कुलूप. नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाला दोन्ही ओलांडावे लागतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ टॅब आहे, त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’च्या परमिशन्स म्हणजे दिंडी दरवाजा. शेजारचा ‘सिक्युरिटी’ टॅब म्हणजे खोलीचं कुलूप. दोन्हींपैकी जिथे कमी हक्क असेल, तेवढाच माणसाच्या हाती पडतो. खोलीत मॉडिफाय आणि दरवाज्यात नुसतं रीड असेल, तर झेड ड्राइव्हवरून फक्त वाचता येणार. ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’मधून नवा फोल्डर शेअर केला की दरवाज्यावर आपसूक ‘एव्हरीवन – रीड’ एवढंच लागतं, आणि निम्मी ऑफिसं इथेच अडकतात.

पण जो वाड्यातच बसलाय, त्याला दिंडी दरवाजा लागतच नाही. हार्डवेअरवाला सर्व्हरच्या खुर्चीत बसून थेट डी ड्राइव्ह उघडतो, तेही अ‍ॅडमिनच्या खात्याने. त्याच्या खोलीच्या किल्ल्याही वेगळ्या आणि दरवाजाही नाही. म्हणून त्याच्या चाचणीला काही अर्थ नाही. चाचणी आर्टिकलच्या पीसीवर, आर्टिकलच्या खात्याने, झेड ड्राइव्हवरूनच घ्यायची. हा एक नियम पाळलात तरी त्याच्या अर्ध्या फेऱ्या वाचतील, आणि त्या फेऱ्यांचं बिलही.

आता एक्सेलचं सेव्ह. हे सगळ्यात मजेशीर आहे, आणि साहेबांना नीट समजावून सांगावं लागेल, कारण त्यांचा हुकूमच इथे आडवा आलाय.

आपल्याला वाटतं सेव्ह केलं की एक्सेल जुन्या फाइलमध्येच खाडाखोड करतं. तसं नसतं. त्याच फोल्डरमध्ये ते आधी एक तात्पुरती फाइल तयार करतं, आकडे आणि अक्षरांची खिचडी असलेल्या नावाची. नवा मजकूर सगळा तिच्यात लिहून झाला की जुनी फाइल पुसून टाकतं आणि तात्पुरतीला जुनीचं नाव देतं. मधेच लाइट गेली तरी निदान एक धड प्रत हाती राहावी म्हणून ही पद्धत. वर्डचीही साधारण अशीच. म्हणजे एक्सेलच्या लेखी ‘सेव्ह’मध्ये ‘डिलीट’ आलंच. हार्डवेअरवाल्याने बहुधा मॉडिफायचं टिक काढून ‘राइट’ तेवढं ठेवलं. त्यामुळे तात्पुरती फाइल तयार होते, तिच्यात मजकूर लिहिला जातो, आणि जुनी पुसायची वेळ आली की घोडं अडतं. मुलाला ‘परवानगी नाही’ दिसतं आणि तात्पुरती फाइल तिथेच पडून राहते. ती मुलांना पुसताही येत नाही, कारण पुसायचाच हक्क काढलाय!

खात्री करायची असेल तर आर्टिकलच्या पीसीवरून नोटपॅडची एक साधी फाइल त्याच फोल्डरमध्ये बनवा, बंद करा, उघडून बदला आणि सेव्ह करा. बहुतेक होईल, कारण नोटपॅड जागच्या जागी लिहितं. नोटपॅडचं होतंय आणि एक्सेलचं नाही, म्हणजे दुखणं डिलीटच्या हक्काचं.

तेव्हा मॉडिफाय परत द्यावाच लागेल. मग साहेबांच्या भीतीचं काय? ती रास्त आहे. नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते, हे मुलांना माहीतच नसतं. पण माझा अनुभव असा की अशा ऑफिसांत फोल्डर ‘उडतो’ तो पुसल्यामुळे कमी आणि माउस घसरल्यामुळे जास्त. जाधव ट्रेडर्सचा फोल्डर शेजारच्या जाधव स्टोअर्सच्या पोटात जाऊन पडतो आणि सगळे ‘उडाला, उडाला’ करतात. तुमच्या जुलैच्या फोल्डरचं नाव झेड ड्राइव्हच्या शोधपट्टीत टाकून बघा एकदा. सापडला तर मला पेढे नकोत, त्या मुलाला द्या.

हे घसरणं अडवता येतं. पार्टीच्या फोल्डरवर मुलांसाठी एकाच्या जागी दोन नोंदी करायच्या, सिक्युरिटीमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन. पहिली फक्त त्या फोल्डरपुरती: वाचणं, आत नवी फाइल करणं, नवा फोल्डर करणं. दुसरी मॉडिफायची, पण ‘अप्लाइज टू’च्या यादीतून ‘सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली’ निवडून. वरच्या ‘क्लायंट’ फोल्डरवर मुलांना नुसतं वाचायला ठेवा, तेही ‘धिस फोल्डर ओन्ली’ एवढंच, नाहीतर ते खालपर्यंत झिरपत जातं. मग आतल्या फाइली मुलं बनवतील, बदलतील, पुसतील, पण पार्टीचा फोल्डर त्यांना जागचा हलवता येणार नाही. ज्या वर्षाचं काम संपलंय, त्या वर्षाच्या फोल्डरला सगळ्यांसाठी फक्त रीड. बाकीची भीती बॅकअपने घालवायची: दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, आलटून पालटून, आणि काम झालं की वायर काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, व्हायरसच्या दृष्टीने ती आणखी एक ड्राइव्हच.

‘डिनाय’च्या रकान्याला मात्र हात लावू नका, आणि त्यालाही लावू देऊ नका. एकाच माणसाला एका गटातून मिळालेल्या ‘अलाऊ’ला दुसऱ्या गटावरचं ‘डिनाय’ खाऊन टाकतं, आणि ते कुठून आलं हे शोधताना डोळ्यांना पाणी येतं. हक्क द्यायचा नसेल तर टिक लावूच नका, तेवढं पुरतं.

साहेबांच्या फाइलचं कोडं त्यामानाने लहान, पण जवळजवळ प्रत्येक ऑफिसात भेटतं. एकाच ड्राइव्हवर फाइल ओढून दुसरीकडे टाकली की ती आपलं जुनं कुलूप बरोबर घेऊन जाते. खरं तर ती जागची हलतच नाही, नोंदवहीत तिचा पत्ता तेवढा बदलतो. कॉपी केली तर मात्र नवीन फाइल जन्माला येते आणि ती नव्या फोल्डरचं कुलूप घेते. तुमचे ‘खासगी’ आणि ‘क्लायंट’ बहुधा दोन्ही डी ड्राइव्हवर आहेत. साहेब फाइल ओढतात, आणि ‘खासगी’चं कुलूप तिच्यासोबत ‘क्लायंट’मध्ये येतं. साहेबांना ती उघडते, कारण किल्ली त्यांच्याकडेच आहे. म्हणून ते ‘माझ्याकडे तर उघडतेय’ म्हणतात आणि वाद सुरू होतो.

साहेबांना एवढंच सांगा: ओढू नका. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करा आणि मग जुनी पुसा. जी फाइल आधीच येऊन पडलीय, तिचीही साहेबांनीच तिथल्या तिथे एक प्रत काढावी, मूळ पुसावी आणि प्रतीला मूळ नाव द्यावं. अशा फाइली शेकड्यांनी असतील तर सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून आय-सी-ए-सी-एल-एस ही आज्ञा, पुढे फाइलचा पत्ता आणि शेवटी तिरकी रेघ देऊन ‘रीसेट’ असं चालवतात. फाइल मग आपल्या सध्याच्या फोल्डरचंच कुलूप धरते. हे काम हार्डवेअरवाल्याकडून करून घ्या, पण एकेका फाइलवर. ‘क्लायंट’च्या मुळावर नाही.

आणि ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ नावाचा चौकोन दिसला की दोन मिनिटं हात मागे घ्या. मी वीस वर्षं छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते, तरी एकदा भोसरीतल्या एका कारखान्यात घाईने त्यात टिक लावलं होतं. एका फाइलचं भांडण मिटवायला गेले आणि तासाभराने शॉपफ्लोअरवरचा एक सुपरवायझर मॅनेजरचा पगार वाचत होता. खालच्या पातळीवर कोणी विचार करून लावलेली वेगळी कुलपं असतात, तो चौकोन ती सगळी पुसून वरचं एकच लावतो. त्या दिवशी मी चहा न पिता घरी गेले.

तुमच्या परत आलेल्या मुलीचं कारण वेगळंच आहे. आपण नाव बघतो, विंडोज नाव बघत नाही. प्रत्येक खात्याला ते जन्मतः एक लांबलचक क्रमांक देतं आणि कुलपावर तोच कोरतं. सातबाऱ्यावर नावं सारखी असली तरी जमीन गट नंबरावरूनच ओळखतात, तसं. ती गेली तेव्हा तुम्ही तिचं खातं पुसलंत, तो क्रमांकही गेला. आता त्याच नावाचं खातं केलं, पण क्रमांक नवा मिळाला, विंडोजच्या दृष्टीने ती परकी. तिच्या जुन्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये बघा. ‘अकाउंट अननोन’ असं लिहून पुढे एस-1-5-21 ने सुरू होणारी आकड्यांची माळ दिसेल. ती तिची जुनी ओळख, मालक नसलेली. ती नोंद काढून टाका आणि तिला नव्याने हक्क द्या. यापुढे कोणी सोडून गेलं तर खातं पुसायचं नाही, ‘डिसेबल’ करायचं. माणूस परत आला की टिक काढलं, काम झालं.

पण तिला पुन्हा तिच्या नावाने हक्क देत बसू नका. मूळ घोळ तोच आहे. तुमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी आर्टिकलची नवी खेप येणार. प्रत्येकाचं नाव प्रत्येक फोल्डरवर लावत बसलात तर रोज एक पत्र मला लिहाल. सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा, त्यात ‘लोकल यूझर्स अँड ग्रुप्स’ आहे. होम आवृत्तीत हे दालन नसतं, तुमच्या प्रोमध्ये आहे. तिथे तीन गट करा: आर्टिकल, सीनियर, साहेब. फोल्डरवर फक्त गटांची नावं, गटांत माणसांची. मुलगा आला, गटात घाला. गेला, गटातून काढा. फोल्डरला हात लावायचाच नाही. दिंडी दरवाज्यावर ‘ऑथेंटिकेटेड यूझर्स’ना ‘चेंज’ एवढं द्या आणि ‘एव्हरीवन’ काढा. कोणाला काय मिळायचं ते खोलीच्या कुलपावरच ठरू दे. दोन्हीकडे बारकावे करत बसलं की पुढच्या वर्षी तुम्हालाच आठवणार नाही कुठे काय केलंय.

इथे एक गंमत लक्षात ठेवा, नाहीतर सगळं बरोबर करूनही डोकं आपटाल. गटात नाव घातलं तरी ज्याचं लॉगिन आधीपासून चालू आहे, त्याला नवा हक्क लगेच मिळत नाही. आत येताना हातावर जो शिक्का बसला, तोच चालतो. लॉग ऑफ करून परत आत यायचं. नुसतं झाकण बंद करून उघडलं तर तो लॉग ऑफ नव्हे.

कोणाला नक्की किती हक्क पोचतोय हे बघायला सिक्युरिटीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ नावाचा टॅब आहे. माणसाचं नाव द्यायचं, यादी येते. ते उत्तर खोलीच्या कुलपापुरतंच धरा, दिंडी दरवाजा वेगळा बघायचा. आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘रीड-ओन्ली’च्या चौकोनाकडे दुर्लक्ष करा. लोक तो चौकोन रिकामा करतात, पुन्हा उघडलं की तो परत भरलेला दिसतो, आणि व्हायरस आला म्हणून मला फोन करतात. फोल्डरच्या बाबतीत त्या चौकोनाचा परवानगीशी संबंध नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नव्या मुलांचे नवे लॅपटॉप येतील तेव्हा दोन गोष्टी होतील. झेड ड्राइव्हने नाव-पासवर्ड विचारला की ते आपला चार आकडी पिन टाकतील. पिन त्या लॅपटॉपपुरताच असतो, नेटवर्कवर खात्याचा पासवर्डच लागतो. दुसरं, विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रोमध्येही पाहुणा म्हणून, पासवर्डाशिवाय आत शिरण्याची सोय बंद झालीय. तेव्हा ‘पासवर्ड काढूनच टाकू’ हा हार्डवेअरवाल्याचा पुढचा उपाय आता चालणारही नाही. बरंच झालं. आणि ‘अमुक व्यक्तीने संपादनासाठी उघडली आहे’ असा निरोप आला तर ती परवानगीची भानगड नाही, कोणीतरी फाइल उघडी ठेवून जेवायला गेलंय.

हे सगळं रविवारी करा, ऑफिस रिकामं असताना. हात लावण्याआधी प्रत्येक फोल्डरच्या दोन्ही दारांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बिघडलं तर मागे येता येईल. आधी एखाद्या संपलेल्या पार्टीच्या फोल्डरवर करून बघा, मग बाकीचे. शेवटी आर्टिकलच्या पीसीवर बसून एक्सेल बनवा, सेव्ह करा, बदला, पुन्हा सेव्ह करा, मग पार्टीचा फोल्डर ओढून शेजारच्या फोल्डरात टाकायचा प्रयत्न करा. तो नाही म्हणाला की जमलं.

आणि त्या चित्रविचित्र फाइली अजून पुसू नका. सेव्ह अडलं तेव्हा मुलांनी केलेलं काम त्याच फाइलींत असू शकतं. यादी तारखेप्रमाणे लावा. मोठ्या आकाराच्या एकेका फाइलची प्रत डेस्कटॉपवर घ्या, नावाच्या शेवटी टिंब देऊन एक्स-एल-एस-एक्स लिहा आणि एक्सेलमध्ये उघडून बघा. ज्या मुलाने ‘मी सगळं भरलं होतं, कॉम्प्युटरनेच खाल्लं’ म्हणून साहेबांचा ओरडा खाल्ला असेल, त्याला शेजारी बसवूनच बघा. तो खरं बोलत होता की काय, ते तिथल्या तिथे कळेल.